जंतूंची वीज आणि सांडपाण्याची परीक्षा

घोडाझरीच्या तलावाचें निळें पाणी पाहून आपण तें स्वच्छ आहे असें सहज म्हणतों. परंतु डोळ्यांनीं केलेली परीक्षा नेहमींच खरी ठरते काय? नागपुराचें सांडपाणी नाग नदींत जातें, नाग कन्हानेस मिळते व कन्हान वैनगंगेस. आणि वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचा उजवा कालवा आपल्याच भागांतील धानाच्या बांध्यांकडे येतो. म्हणून दूरच्या नाल्यांतील घाण हा आपल्या घरचाच प्रश्न होय.

पाण्यांतील सडके पदार्थ खातांना जंतू त्यांतील प्राणवायु वापरतात. नमुना कुपींत बंद करून किती प्राणवायु खर्च झाला हें मोजलें, म्हणजे घाणीचें मान कळतें. यास २० अंश उष्णमानांत ५ दिवस लागतात. आपल्या देशांत २७ अंशांवर ३ दिवसांची रीत मान्य आहे. पण उत्तर हातीं येईतों पाणी कोठच्या कोठें वाहून गेलेलें असतें!

इ. स. १९११ मध्यें डरहॅम विद्यापीठांतील प्राध्यापक पॉटर यांनीं दाखविलें कीं, जंतू पदार्थांचें विघटन करीत असतां अल्प वीज उत्पन्न होते. याच तत्त्वावर नवें यंत्र रचिलें आहे. भांड्याच्या एका कप्प्यांत सांडपाणी व कार्बनची पट्टी असते. तेथें हवा शिरूं देत नाहींत. पट्टीवर थर धरून राहिलेले जंतू अन्नांतील इलेक्ट्रॉन तिला देतात. ते तारेंतून दुसऱ्या कप्प्यांतील पट्टीकडे जातात. मधल्या पडद्यांतून प्रोटॉन येतात आणि तेथें प्राणवायूशीं संयोग होऊन पाणी बनतें. अन्न अधिक तर वीज अधिक. म्हणून विजेचा कांटा पाहून घाणीचें मान लवकर समजतें. कोरियांतील संशोधकांनीं असें यंत्र पांच वर्षांहून अधिक काळ चालविल्याचें २००३ मध्यें प्रसिद्ध केलें.

तथापि येथें सावधगिरी हवी. घाण फारच वाढली तर जंतूंचें पोट भरतें आणि कांटा पुढें सरकत नाहीं. तेव्हां नमुना पातळ करावा लागतो. थंडीनेंही जंतू मंदावतात. शिवाय कांटा खालीं आला, तर पाणी निर्मळ झालें असेल किंवा विषानें जंतू मेले असतील! म्हणून कुपीची जुनी परीक्षा अगदींच टाकून देतां येत नाहीं. यंत्र इशारा देतें. त्याचा अर्थ लावणें हें विचारी मनुष्याचें काम आहे.

ज्या क्षुद्र जीवांस आपण केवळ रोगाचें कारण समजतों, तेच पाण्याचे पहारेकरी होऊं शकतात. सृष्टींत कोणासही क्षुद्र म्हणण्यापूर्वीं त्याचें काम पाहावें, हेंच खरें.