चिंचोक्यांचा हिशेब : मधुमेही मुलांचे खेळातून शिक्षण

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने वैद्यकीय विषयावर लेख लिहावा, हे काही वाचकांना खटकण्याचा संभव आहे. विज्ञान शाखेच्या मैत्रिणींनी तर मला तसे बोलूनही दाखवले. परंतु ज्या घरात टाइप वन मधुमेह असलेले मूल आहे, त्या घरात दिवसातून चार-पाच वेळा जो हिशेब मांडावा लागतो तो मी जवळून पाहिला आहे, आणि तो पाहिल्यावर हा विषय आमच्याही शाखेचा आहे अशी माझी खात्री झाली. खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाला वयाच्या आठव्या वर्षी हा आजार निघाला. आता तो नऊ वर्षांचा आहे.

प्रथम रोगाविषयी थोडक्यात. आपल्या आजूबाजूच्या वडीलधाऱ्या माणसांना असतो तो मधुमेह बहुधा टाइप टू. मुलांमध्ये अधिक आढळणारा टाइप वन निराळा. यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही, आईच्या हयगयीने होत नाही, आणि पथ्याने किंवा काढ्याने बराही होत नाही. इन्शुलिन बाहेरून घ्यावेच लागते, आणि तेही आयुष्यभर. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोच्या एका इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे इंजेक्शन प्रथम देण्यात आले. त्यापूर्वी हा रोग झालेली मुले फार काळ जगत नसत. आज अशी मुले शाळेत जातात, क्रिकेट खेळतात, पुढे नोकरी-धंदा व संसार करतात. मात्र हिशेब सुटत नाही.

हा हिशेब साध्या जमाखर्चासारखाच आहे. अन्नातून, विशेषतः पिष्टमय पदार्थांतून, रक्तात साखर येते ती जमा. इन्शुलिन आणि अंगमेहनत यांनी ती उतरते तो खर्च. शिल्लक साधारणपणे ७० ते १८० मिलिग्रॅम या पट्ट्यात राहावी असा प्रयत्न करावयाचा. मोठ्या माणसाला हे समजते. पण नऊ वर्षांच्या मुलाला ‘पिष्टमय पदार्थ’ म्हणजे काय हे सांगून कळत नाही, आणि कळले तरी त्याचे त्यात मन रमत नाही.

माझे लक्ष या विषयाकडे गेले ते एका वहीमुळे. मावशीकडे साखरेच्या नोंदींची वही असते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती सहज चाळली तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. जवळजवळ प्रत्येक आकडा शून्याने संपत होता : ११०, १२०, १३०, पुन्हा ११०. आमच्या हिशेबतपासणीच्या तासाला सरांनी सांगितले होते की खऱ्या व्यवहाराचे आकडे इतके गुळगुळीत नसतात. रक्त तपासण्याच्या यंत्राच्या स्मृतीत पाहिले तर तेथे २४३ होते, ६८ होते, ३१२ सुद्धा होते. आकडा मोठा आला की घरात बोलणी बसत, ‘काय खाल्लंस? खरं सांग!’ म्हणून वही विचारली जात असे, आणि पोराने त्यावर आपल्यापुरता उपाय शोधला होता. त्याला यंत्र वापरता येत होते, सुई टोचता येत होती. म्हणजे माहितीची उणीव नव्हतीच. आकडा म्हणजे आपल्या वागणुकीचे गुण, ही समजूत त्याच्या मनात बसली होती, आणि ती काढावयास उपदेश उपयोगी नव्हता.

या कामी खेळांचा उपयोग करण्याचा विचार नवा नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये ‘कॅप्टन नोव्होलिन’ नावाचा व्हिडिओ गेम निघाला. त्यातील नायक मधुमेही असून खाऊचे रूप घेतलेल्या शत्रूंशी त्याचा सामना होतो. कल्पना मोठ्या उत्साहाची, पण मला ती पटत नाही. ज्या मुलाला उद्या वाढदिवसाच्या समारंभाला जावयाचे आहे, त्याला खाऊ हा शत्रू म्हणून शिकवून आपण काय साधणार? १९९५ चा ‘पॅकी आणि मार्लन’ हा गेम त्या मानाने पुष्कळ शहाणा होता. हे दोघे मधुमेही हत्ती मधुमेही मुलांच्या शिबिराला जातात. तेथले अन्न व औषधांचे सामान उंदीर-घुशींनी पळवलेले असते. ते परत मिळवताना खेळणाऱ्याने हत्तीची साखर मोजावयाची, इन्शुलिन द्यावयाचे आणि जेवण निवडावयाचे. चूक झाली तर हत्तीला त्रास होतो, आणि पुन्हा खेळता येते. आठ ते सोळा वर्षांच्या ५९ मधुमेही मुलांवर याचा अभ्यास झाला व तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. ३१ मुलांना हा गेम सहा महिने घरी दिला, २८ जणांना मधुमेहाशी संबंध नसलेला दुसरा गेम दिला. पहिल्या गटातील मुले स्वतःची काळजी अधिक चांगली घेऊ लागली आणि आपल्या आजाराविषयी आईवडिलांशी अधिक बोलू लागली. तातडीने डॉक्टरांकडे धावण्याचे प्रसंगही कमी होण्याकडे कल दिसला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ५९ हा नमुना लहानच, तेव्हा फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण आईवडिलांशी बोलणे वाढले ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. आमच्या त्या वहीत नेमके तेच नव्हते.

आपल्याकडे खेळातून शिकवावयाचे म्हटले की प्रथम सापशिडी आठवते. तिचे मूळ रूप म्हणजे मोक्षपट, आणि परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप. नीती शिकवावयास हा पट उत्तम आहे. पण मधुमेहाची सापशिडी काढून सापाच्या तोंडाशी जिलेबी ठेवली की जिलेबी हे पाप होते आणि मूल पापी ठरते. शिवाय सोंगटी फाशाप्रमाणे चालते, त्यात मुलाला ठरवावयाचे असे काहीच नसते. मधुमेहात ठरवणे हीच तर मुख्य गोष्ट.

म्हणून मी नाताळच्या सुट्टीत मावशीच्या पडवीत दुकान मांडले. दुकान-दुकान कोणत्या मुलाला खेळता येत नाही? येथे नाणे म्हणून चिंचोके घेतले. एक चिंचोका म्हणजे सुमारे ५ ग्रॅम पिष्टमय अंश. पन्नास ग्रॅम पिठाच्या जोंधळ्याच्या भाकरीला सात चिंचोके. वाटीभर, म्हणजे दीडशे ग्रॅम, भाताला आठ. मध्यम केळ्याला पाच. पेलाभर दुधाला दोन. उकडलेले अंडे फुकट. साखरेच्या सपाट चमच्याला एक. ही शेवटची किंमत ऐकून माझा भाऊ थबकला. ‘ताई, भाकरीला सात आणि साखरेला एकच?’ होय, एकच. सगळ्या घराने साखरेला खलनायक केले होते आणि भाकरीला कोणी विचारतच नव्हते. अर्थात चमचाभर साखर भाकरीपेक्षा फार लवकर रक्तात चढते, तेही त्याला सांगितले.

गिऱ्हाइकाने जेवण निवडले की दुकानदाराने बिल करावयाचे. भाकरीचे सात आणि दुधाचे दोन मिळून नऊ चिंचोके, म्हणजे ४५ ग्रॅम. पंधरा ग्रॅमला एक युनिट असे प्रमाण धरले तर तीन युनिटे इन्शुलिन. प्रत्येक मुलाचे प्रमाण निराळे असते व ते डॉक्टरच ठरवतात, म्हणून खेळातील प्रमाण त्यांनी दिलेल्या चिठ्ठीवरूनच घ्यावे. खरी सुई खेळात आणावयाची नाही. पेनाचे टोपण पुरते. टोपण टोचण्यासाठी चिंध्यांची बाहुली घेतली. तिच्या पोटावर, मांडीवर व दंडावर ठिपके काढले, आणि एकाच ठिपक्यावर लागोपाठ दोनदा टोचले तर दंड. एकाच जागी वरचेवर टोचल्याने गाठी येतात आणि इन्शुलिन नीट शोषले जात नाही, हे त्या दंडातून आपोआप पाठ होते. बेळगावचा कुंदाही दुकानात ठेवला होता. लपवलेला माल चोरून खाल्ला जातो. त्याचा भाव आहारतज्ज्ञांना विचारून लावला.

एवढ्यावर खेळ सोपा झाला असता, आणि खोटाही. कारण तीच भाकरी, तेच इन्शुलिन, तरी सोमवारी १४० आणि मंगळवारी २६० असे प्रत्यक्षात घडते. म्हणून एका डब्यात चिठ्ठ्या ठेवल्या : ‘ताप आला’, ‘शाळेत शर्यत’, ‘जेवायला उशीर’, ‘परीक्षेची धास्ती’. बिल बरोबर केल्यावरही चिठ्ठी काढावयाची. तापाने साखर बहुधा चढते, शर्यतीने बहुधा उतरते. मग दुकानदाराने सांगावयाचे की आता काय करावे. पहिले उत्तर नेहमी एकच : पुन्हा मोजणे आणि मोठ्यांना सांगणे. हिशेब बरोबर असूनही शिल्लक चुकू शकते, हे त्याला या चिठ्ठ्यांनी दाखवले. नाताळनंतरच्या आठवड्यात वहीत प्रथमच २८७ हा आकडा दिसला. शेजारी पेन्सिलीने लिहिले होते, ‘सर्दी’. त्या दिवशी मावशीही काही बोलली नाही. खेळ पडवीत चालला असला तरी तांदूळ निवडता निवडता तीही तो ऐकत होती.

दुसरा खेळ गल्लीसाठी. साखर सत्तरच्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, भूक लागते, मूल चिडचिडे होते. अशा वेळी ते घरापासून दूर, मित्रांत असू शकते. गल्लीत निम्मी मुले मराठी, निम्मी कन्नड. म्हणून शिवाशिवीत एक नियम घातला. ‘साखर उतरली!’ किंवा ‘सक्करे कडिमे आगिदे!’ अशी हाक आली की सर्वांनी जागच्या जागी थांबावयाचे आणि ज्याच्यावर राज्य असेल त्याने कट्ट्यावरची ग्लुकोजची पुडी आणावयाची. मोठ्या मुलाला सुमारे १५ ग्रॅम, लहानाला डॉक्टरांनी सांगितले असेल तितके कमी. पंधरा मिनिटे बसावयाचे, पुन्हा मोजावयाचे, मगच खेळ पुढे. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालावयाचे नाही, मोठ्यांना हाक मारून तडक इस्पितळ गाठावयाचे. हे वाक्य मी मुलांकडून दोन्ही भाषांत म्हणवून घेतले. उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास, त्यात साखर फार चढलेली, असे असले तरीही इस्पितळच. तेथे खेळाचे काम नाही.

बक्षिसाविषयी माझे मत स्पष्ट आहे. ते मोजल्याबद्दल द्यावे, आकड्याबद्दल नव्हे. बायर कंपनीने २०१० च्या सुमारास ‘डिजेट’ नावाचे यंत्र आणले होते. ते हातातल्या व्हिडिओ गेमला जोडले की नियमित तपासणीबद्दल मुलाला गुण मिळत. आमच्याकडे वहीतल्या प्रत्येक खऱ्या नोंदीला एक चिंचोका मिळतो, मग ती ९० असो की ३००.

दुकानाचा दरफलक मी मराठीत केला आणि माझ्या वर्गमैत्रिणीने तो कन्नडमध्ये उतरवून दिला. त्यात एकच ओळ अजून रिकामी आहे, पुरणपोळीची. आजीच्या पुरणात गूळ दर वेळी निराळा पडतो. या होळीला पीठ, डाळ आणि गूळ वेगवेगळे तोलून द्यावयाचे तिने कबूल केले आहे. तोवर तेथे पेन्सिलीने ‘भाव विचारावा’ असे लिहून ठेवले आहे.