मुलांचा ताबा आणि मुलांची पोटगी

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला लोकांच्या संसाराची बरीच माहिती न विचारताच होते. महिन्याची दहा तारीख उलटली की एक भगिनी पासबुक भरून घ्यायला येत. "दादा, पैसे आले का हो?" एवढाच प्रश्न. नवराबायको वेगळे झाले तेव्हा वडीलधाऱ्यांनी बसून, दोन मुलांसाठी महिना तीन हजार द्यायचे, असे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ठरवले होते. चार महिने पैसे आले, पुढे बंद. नवरा म्हणे, "ती मुलांना भेटू देत नाही." ही म्हणे, "पैसे देत नाही, मग का भेटवू?"

ही गाठ आपल्या समाजात अनेक घरांत पडलेली आहे. म्हणून कायदा काय म्हणतो ते सभासदांनी व विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे.

प्रथम एक नेहमीची शंका. आपण बौद्ध, मग हिंदू विवाह कायदा आपल्याला कसा? १९५५ च्या त्या कायद्याच्या कलम २ मध्येच बौद्ध, जैन व शीख यांचा समावेश आहे. १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदाही तसाच लागू होतो. डॉ. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचे एक प्रमुख कारण असलेले हिंदू कोड बिल पुढे तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. हे कायदे म्हणजे त्यातलेच तुकडे होत.

आता पोटगी. जुन्या लोकांना 'एकशे पंचवीस' ठाऊक आहे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले. मूळ कायद्यातली महिना ५०० रुपयांची मर्यादा २००१ साली काढून टाकली गेली. आईबापांचे लग्न वैध होते की नव्हते, यावर मुलाचा हक्क अवलंबून नाही. अर्ज पत्नी राहते त्या गावच्या न्यायालयातही करता येतो. नागपूरहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात, रजनेश विरुद्ध नेहा, २०२० साली ठरले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोघांनीही उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे. तेव्हा तारखेला महत्त्व आहे. "बघू, सुधारेल" म्हणून जी दोन वर्षे थांबते, तिची ती दोन वर्षे सहसा गेलीच. आदेश होऊनही पैसे आले नाहीत, तर देय तारखेपासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. दंडाधिकारी वॉरंट काढू शकतो, तुरुंगातही पाठवू शकतो, आणि तुरुंगात जाऊन आल्याने बाकी फिटत नाही. स्टॅम्पपेपरच्या मागे हे बळ नसते. वडीलधाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यांना वॉरंट काढता येत नाही!

ताब्याविषयी गैरसमज फार. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे, एवढेच कायदा म्हणतो. त्यापुढे मुलाचे हित हीच कसोटी, बापाची कमाई किंवा आईचे अश्रू नव्हेत. मूल समजते असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून विचारतात. ज्याच्याकडे ताबा नाही, त्याला भेटीचे दिवस ठरवून मागता येतात. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही, आणि पोटगी थकली म्हणून न्यायालयाने ठरवलेली भेटही अडवता येत नाही. दोन्हींचे अर्ज वेगळे.

आईच्या सहीचा प्रश्न तर आमच्याच टेबलावरचा. गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे मागितले, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने आईलाही नैसर्गिक पालक मानण्याचा मार्ग मोकळा केला. आईला पालक धरून मुलाचे बचत खाते उघडण्याची मुभा तर त्याआधीपासून होती. तरीही "मिस्टरांना घेऊन या" असे मीही एकदोघींना सांगितले आहे. नियम वाचला नव्हता, दुसरे काय!

त्या भगिनीला मी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय दाखवले. स्त्रिया, मुले व अनुसूचित जातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अंतरिम आदेश झाला. आता पासबुकात दरमहा नोंद असते, आणि दर दुसऱ्या व चौथ्या रविवारी मुले वडिलांकडे जातात. ते तिला अजून फारसे रुचलेले नाही.