रॅक बदलण्याआधी

स्टिअरिंग वाजायला लागलं की आपण आधी ‘आवाज कुठून येतोय?’ हे शोधायला लागतो. शोध इथेच फसतो. आवाज पत्र्यातून फिरतो. चाकाजवळचा खडखडाट पॅडलखालून आल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा ‘आवाज केव्हा येतो?’ हे विचारावं. गाडी उभी असताना की चालताना, पूर्ण वळणावर की खड्ड्यात, सकाळी थंड इंजिनावर की तासाभरानंतर? एवढं नीट टिपलं तर निम्मं निदान घरीच होतं.

माझी गाडी जुनी, छोटी हॅचबॅक, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची. पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की डावीकडे ‘टण्ण’ व्हायचं, आणि वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून सरळ यायचं नाही. गॅरेजमध्ये दोन्ही टाय रॉड एंड बदलले, व्हील अलाइनमेंट झालं. आवाज होता तिथेच. मग निकाल आला : “रॅक गेलाय साहेब, पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल.” मी म्हटलं, “रॅकमध्ये प्ले कुठे आहे तो हाताला लागेल असा दाखवा.” तो काही दाखवता आला नाही. ‘या गाड्यांचा रॅकच जातो’ एवढंच उत्तर मिळालं. मी गाडी तिथून काढली.

दुसऱ्या फिटरने गाडी जॅकवरसुद्धा घेतली नाही. मला उभ्या गाडीतच स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगितलं आणि स्वतः डाव्या शॉकअपच्या स्प्रिंगला बाहेरून बोटं टेकवली. ‘टण्ण’ झालं त्याच क्षणी स्प्रिंगने त्याच्या हाताला झटका दिला. शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमध्ये एक बेअरिंग असतं, त्यामुळे चाकाबरोबर शॉकअप आणि स्प्रिंग सहज वळतात. ते गंजून जाम झालं की स्प्रिंग पिळली जाते आणि ताण वाढला की एकदम सुटते. आवाज त्याचाच होता, आणि स्टिअरिंग परत न येण्याचं कारणही तेच. दोन्ही बाजूंची माउंटिंग आणि बेअरिंग बदलली, तरी खर्च रॅकच्या मानाने किरकोळ आला.

हे काम मात्र घरी करायचं नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात-तोंड फोडते. तिला स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि सवयीचा हातच हवा. घरी करायचं ते फक्त ऐकण्याचं काम, आणि त्यात पुढच्या खुणा उपयोगी पडतात.

गाडी चालत असताना पूर्ण वळणावर ‘कट-कट-कट’ येत असेल आणि वेगाबरोबर तो जलद होत असेल, तर संशय एक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर घ्या. चाकामागचं रबरी बूट फाटलंय का आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय का ते बघा. पावसाळ्यात फाटक्या बुटातून चिखलपाणी शिरलं की जॉइंट लवकर संपतो. जॉइंट अजून वाजत नसेल तर नुसतं बूट आणि ग्रीस बदलून भागतं.

खड्ड्यांच्या रस्त्यावर ‘खड-खड’ आणि वळताना काही नाही, असं असेल तर आधी स्टॅबिलायझर लिंक, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट तपासायला सांगा. गाडी स्टँडवर घेऊन चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवलं आणि ढिलं लागलं, तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. वर-खाली धरून ढिलं लागलं, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. रॅकचा नंबर यानंतर. काही इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये मोटरजवळचं छोटं रबरी कपलिंग झिजूनही असाच खडखडाट येतो, तेव्हा पूर्ण कॉलम बदलण्याआधी त्याची चौकशी करा.

हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल आणि वळवताना ‘घूंऽऽ’ असा आवाज रेसबरोबर चढत असेल, तर ऑइल कमी आहे किंवा त्यात हवा शिरली आहे. टाकीत फेस दिसला तर हवा नक्की. नुसतं ऑइल भरून गप्प बसू नका. ते गेलं कुठे, पाइपमधून की रॅकच्या सीलमधून, हे शोधायला लावा. किंचाळल्यासारखा आवाज बहुधा सैल पट्ट्याचा. पूर्ण लॉकवर हलका ‘सूंऽ’ येणं मात्र नेहमीचं आहे. फक्त तिथे स्टिअरिंग दाबून धरू नका.

स्टिअरिंगच्या चाकामागे ‘खर्र’ होतंय, हॉर्न मधूनच बंद पडतो आणि एअरबॅगचा दिवा लागतो, तर क्लॉक स्प्रिंग बघायला सांगा. तिथे एअरबॅग आहे, स्वतः उघडू नका.

आणि या सगळ्याआधी फुकटात होणारी तपासणी : मडगार्डच्या आतलं प्लास्टिक सुटून टायरला घासतंय का, ब्रेक डिस्कच्या पत्र्यात खडा अडकलाय का, टायर कंपनीच्या मापापेक्षा मोठे बसवलेत का. काचा खाली करून कंपाउंडच्या भिंतीलगत सावकाश गाडी चालवली की आवाज भिंतीवर आदळून परत येतो आणि कुठल्या बाजूचा ते कळतं.

काही वेळा गॅरेजपर्यंतही गाडी चालवत न्यायची नाही. आवाजासोबत स्टिअरिंग मध्येच अडकतंय, त्यात एकदम मोकळा प्ले आलाय किंवा गाडी रस्त्यावर भरकटतेय, तर टो करून न्या. बॉल जॉइंट सुटला तर चाक तिरकं पडतं आणि गाडी हातात राहत नाही.

गॅरेजला गाडी देताना जॉब कार्डवर पार्टचं नाव लिहू नका, लक्षण लिहा : ‘उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवल्यावर टण्ण आवाज, चालताना येत नाही.’ मेकॅनिकला शेजारी बसवून तो आवाज ऐकवा. काढलेला पार्ट परत मागा, टाय रॉडला हात लागला असेल तर अलाइनमेंट करून घ्या, आणि पैसे देण्याआधी त्याच जागी तेच वळण घेऊन बघा. कार्डावर ‘रॅक बदला’ असं आपणच लिहून दिलं, तर ते रॅक बदलतील आणि त्यांचं काम तिथे संपेल. ‘हा आवाज घालवा’ असं लिहिलं, तर आवाज जाईपर्यंत काम त्यांच्याकडेच राहतं.