प्रतापगडावरचा पुतळा

चौथीच्या इतिहासात प्रतापगडाचा पाठ आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी महाराजांनी अफजलखानाला मारले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण गडावरचा महाराजांचा घोड्यावरचा पुतळा कधी बसला ते पुस्तकात नाही. म्हणून मी गुरुजींना विचारून ही माहिती लिहिली आहे.

गड आपल्या सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरपासून वीसेक किलोमीटरवर आहे. पुतळा बालेकिल्ल्यात आहे आणि तो ब्राँझचा आहे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी त्याचे अनावरण केले. अनावरण म्हणजे पुतळ्यावरचा पडदा बाजूला करणे.

आता गंमत ऐका. महाराजांचा पुतळा म्हटल्यावर सगळे खूश असतील असे मला वाटले होते. पण त्या दिवशी वाईला आणि पसरणी घाटात हजारो माणसे काळी निशाणे घेऊन उभी होती! मी गुरुजींना म्हटले, ती माणसे महाराजांच्या विरुद्ध होती काय? गुरुजी म्हणाले, अरे नाही, तीसुद्धा महाराजांचीच माणसे.

त्या वेळी महाराष्ट्र राज्यच नव्हते. गुजरात आणि आपण मिळून एकच मुंबई राज्य होते, त्याला द्विभाषिक म्हणत. मराठी माणसांना मुंबईसह आपले वेगळे राज्य पाहिजे होते. त्यासाठी शंभराच्या वर माणसे हुतात्मा झाली होती. दिल्लीचे सरकार ऐकत नव्हते म्हणून लोकांचा नेहरूंवर राग होता. आणखी एक कारण होते. नेहरूंनी तुरुंगातून आपल्या मुलीला जगाच्या इतिहासाची पत्रे लिहिली होती. त्यांत अफजलखानाच्या प्रसंगाबद्दल जे लिहिले, ते आपल्या लोकांना लागले. पुढे त्यांनी तो मजकूर बदलला, पण लोक विसरले नव्हते. मलापण ते आवडले नाही. पण चूक दुरुस्त केली हे बरे केले.

मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांचा जन्म देवराष्ट्र्याचा. समितीच्या बाजूला क्रांतिसिंह नाना पाटील होते, ते येडे मच्छिंद्रचे. दोन्ही गावे आता सांगली जिल्ह्यात आहेत. १९४२ साली हे दोघेही इंग्रजांविरुद्ध लढले होते. आणि १९५७ ला एक सरकारात, एक सरकारच्या विरुद्ध! त्या साली निवडणुकीत नाना पाटील साताऱ्यातून खासदार झाले आणि यशवंतराव कराडला थोडक्याच मतांनी निवडून आले. म्हणजे लोकांचा राग केवढा असेल बघा. समारंभ पुढे ढकलता आला असता, पण यशवंतरावांनी तो पार पाडला. मला वाटते, लोक किती चिडलेत ते नेहरूंना त्या घाटातच दिसले असेल.

पुढे अडीच वर्षांत, १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. यशवंतराव पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्या समारंभाला मुंबईत नेहरू स्वतः आले होते. त्याच साली दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव सांगली झाले.

पालकांनी सहल काढली तर भवानीमातेचे दर्शन घेऊन बालेकिल्ल्यात जावे. पुतळा तिथेच आहे.