परसातील कोंबडी व बांधावरील झाड : मोजमापाचा एक पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी : विज्ञान, गणित व कार्यानुभव)

परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागात गोदाकाठची काळी जमीन मागे पडते व बालाघाटाचे मुरमाड माळ सुरू होतात. गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावच्या परिसरात शेती मुख्यतः पावसावर चालते. पाऊस हुकला की परसातील चार कोंबड्या आणि बांधावरील झाडे यांचाच घराला आधार असतो. एका रात्रीत खुराडे रिकामे झाले, तर त्याची झळ प्रथम घरातील स्त्रीच्या हाती येणाऱ्या पैशास लागते.

उबवणी यंत्रे, लशी, मोबाइल व उपग्रहाचे नकाशे ही नवी साधने आता खेड्यांपर्यंत पोहोचली आहेत. तथापि यंत्र आणले म्हणजे धंदा सुधारला, असे होत नाही. वेळेवर पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे या सवयी असतील तरच साधन फळ देते. त्या सवयी लावणे हे प्राथमिक शाळेच्या आवाक्यातील कार्य आहे.

१. अंडे व उष्णता

गावरान कोंबडी खुडूक होऊन २१ दिवस अंड्यांवर बसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत तयार झालेली ‘वनराजा’ ही सुधारित जात परसात वर्षाला सुमारे १०० ते ११० अंडी देते. गावरान कोंबडीची अंडी त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतात. परंतु सुधारित कोंबडी सहसा खुडूक होत नाही. तिच्या अंड्यांतून निघणाऱ्या पुढच्या पिढीत तेच गुण उतरतील, असाही भरवसा नसतो. म्हणून पिले बाहेरून आणावी लागतात, किंवा अंडी गावरान कोंबडीखाली अथवा यंत्रात ठेवावी लागतात.

पंख्याच्या उबवणी यंत्रात उष्णता ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राखावी लागते. १८ व्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात. त्यानंतर फिरवणे थांबवून हवेतील ओलावा वाढवतात. कोंबडी हे सारे उपजत करते. यंत्राजवळ मात्र तापमापक वाचणारा मनुष्य हवा.

कृती : पुठ्ठ्यास अंड्याहून लहान भोक पाडावे. अंधाऱ्या खोलीत त्यामागे बॅटरी धरून सातव्या दिवसाचे अंडे पाहावे. जीव धरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. वांझ अंडे स्वच्छ दिसते. उदाहरण : १२ अंड्यांपैकी ३ वांझ निघाली, तर शेकडा प्रमाण किती? (उत्तर : २५.)

२. लस व गल्ली

कोंबड्यांचा सर्वांत घातक रोग मानमोडी, अर्थात राणीखेत. १९२६ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे व १९२७ साली कुमाऊँतील राणीखेत येथे तो आढळला, म्हणून त्यास ही दोन नावे पडली. या रोगावर औषध नाही. लस हाच उपाय. सामान्यतः पाच ते सात दिवसांच्या पिलाच्या डोळ्यात वा नाकात लासोटा लशीचा थेंब देतात व आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-२-बी ही लस टोचतात. नेमके वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे.

अडचण लस मिळण्यापेक्षा ती वाटण्यात आहे. एका कुपीत बहुधा १०० किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. कुपी २ ते ८ अंश उष्णतेत, बर्फावर ठेवावी लागते आणि द्रावण केल्यावर दोनएक तासांत संपवावी लागते. घरी तर कोंबड्या पाचच! यास्तव एकट्या घराला लस परवडत नाही, पण गल्लीला परवडते. ऑस्ट्रेलियात तयार झालेली, उष्णता अधिक सोसणारी आय-२ लस मोझांबिक व टांझानियातील खेड्यांत वापरली गेली. तेथेही गावाने एकत्र येऊन ठरलेल्या दिवशी लस देणे आवश्यकच ठरले.

कृती : मुलांनी आपापल्या गल्लीतील घरे व कोंबड्या यांची यादी करावी. २० घरी प्रत्येकी ५ कोंबड्या, तर मात्रा किती? यादी ग्रामपंचायतीमार्फत दवाखान्यास द्यावी. लस मुलांनी हाताळू नये. कोंबड्यांस स्पर्श झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

३. झाड व नकाशा

१९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून आषाढ-श्रावणात रोपे लावली जातात. परंतु त्यांतील किती पुढचा उन्हाळा पाहतात, हे क्वचितच मोजले जाते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून उपग्रहाच्या साहाय्याने देशातील वनांचे अहवाल प्रसिद्ध करते. त्या नकाशात एक हेक्टरहून लहान झाडोरा वेगळा दाखवला जात नाही. बांधावरचा एकटा कडुनिंब त्यात सापडायचा नाही. त्याची नोंद गावानेच ठेवली पाहिजे.

कृती : प्रत्येक रोपास क्रमांक द्यावा. शिक्षकाच्या मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश पाहून वहीत लिहावेत. कार्तिकात व ज्येष्ठात जिवंत रोपे मोजावीत. उदाहरण : ४० पैकी २६ जगली, तर शेकडा किती? (उत्तर : ६५.) मेलेल्या रोपापुढे कारण लिहावे : पाणी, शेळी की वाळवी?

कोंबडीस घाम येत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपुढे गेला की ती चोच उघडून धापा टाकते. तेव्हा झाडाची सावली हेच तिचे घर. ती किडे व वाळवी वेचते, तिची विष्ठा कुजवून खत होते; मात्र कोवळ्या रोपाचे आळे ती उकरते, म्हणून भोवती दगड रचावेत. कडुनिंबाच्या निंबोळ्या वाळवून ५ किलो चूर्ण १०० लिटर पाण्यात भिजवले की फवारणीचा ५ टक्के अर्क मिळतो. बांबू लावू इच्छिणाऱ्या पालकांस हेही सांगावे की, २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर वाढलेला बांबू वन कायद्यात ‘वृक्ष’ मानला जात नाही.

गृहपाठ : प्रत्येक मुलाने घरच्या कोंबड्या, मिळालेली अंडी, मेलेली पिले व एका झाडाची स्थिती दर आठवड्यास लिहावी. वर्षअखेर या वह्या एकत्र करून पालकसभेत वाचून दाखवाव्यात आणि पुढील वर्गाच्या स्वाधीन कराव्यात.