सायकलीने मेंढा (लेखा) गावी

भूगोलाच्या तासाला गडचिरोली जिल्हा नकाशावर हिरव्या रंगाने दाखविला जातो. परंतु त्या हिरव्या रंगात चढ किती, फुफाटा किती व माणसे किती, हे नकाशा सांगत नाही. ते डोळ्यांनी पाहावे म्हणून फेब्रुवारीअखेरच्या एका शनिवारी आम्ही व आमचे एक शिक्षकस्नेही सायकली घेऊन गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यास लागलो. सुमारे ३० किलोमीटरांवरील मेंढा (लेखा) हे गाव गाठावे, कठाणी नदीकाठी तंबू ठोकून रात्र काढावी व रविवारी परतावे, असा बेत होता.

विद्यार्थ्यांनी प्रथम सायकलीचे गणित ध्यानी घ्यावे. २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २ मीटर भरतो. पायट्याजवळील चक्रास ४२ दाते व मागील चक्रास १४ दाते असले, म्हणजे पायट्याच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरते व सायकल सुमारे ६ मीटर पुढे जाते. डांबरी सडकेस हे योग्य. मुरमाच्या चढावर पुढे २८ व मागे २८ दाते घ्यावेत. अंतर दोनच मीटर पडते, पण पायांवरील भारही तिसऱ्या हिश्श्यावर येतो. कष्ट वाचत नाहीत, ते वाटून मिळतात.

अर्ध्या वाटेवर आमच्या चाकात बाभळीचा काटा गेला. स्नेह्यांनी ट्यूब घासून सोल्यूशन लावले व ते ओले असतानाच घाईने ठिगळ चिकटविले. कोसभर जातो न जातो तोच ते सुटले. दुसऱ्या खेपेस सोल्यूशन सुकेपर्यंत मुकाट्याने बसलो. ते ठिगळ घरापर्यंत टिकले.

गावाजवळ पोहोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. नदीकाठची जागा पाहून आम्ही सायकली टेकविल्या आणि स्नेही चुलीसाठी काटक्या वेचू लागले. इतक्यात मोळी घेऊन येणारे एक वृद्ध गृहस्थ थांबले व सौम्यपणे म्हणाले, "गुरुजी, जंगलाले दार नाही, पन मालक आहे. गावाले पुसलं का?"

आम्ही खजील झालो. दुसऱ्याच्या परसात आपण न विचारता चूल मांडली नसती; मग येथेच का मांडत होतो? शिवाय १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ. सागाची व ऐनाची वाळलेली पाने भुईवर पसरलेली असतात. एका ठिणगीने ती पेट घेतात व पावसाळ्यात वाढलेली कोवळी रोपे जळून जातात. राखीव वनात विस्तव पेटविण्यास १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानेही मनाई केली आहे. काटक्या तेथेच टाकून आम्ही गावात गेलो. एका अंगणात तंबूस जागा मिळाली व गरम भातही मिळाला.

या गावाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. १९८० नंतरच्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध चळवळ झाली. तीतून गोंड वस्तीच्या या गावात आपल्या वनाविषयी जागृती आली. श्री. देवाजी तोफा व कै. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात अभ्यासगट चालू लागले. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ च्या एप्रिलात बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेस मिळाला. विशेष हे की, येथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतो. एकाचेही मन वळले नाही, तर चर्चा पुढील बैठकीवर जाते.

रात्री तंबूत हे बोलणे चालले असता स्नेही म्हणाले, "म्हणजे हे लोक सोल्यूशन सुकू देतात." आम्हांस हसू आले, परंतु ती उपमा मनात राहिली. वर्गात आम्ही हात वर करवून झटपट निर्णय घेतो व विरोधात गेलेल्या चार मुलांना विसरतो.

रविवारी परतल्यावर पुढील सोमवारी वर्गाच्या सहलीचे ठिकाण ठरवावयाचे होते. दोन मुलांचा विरोध होता. आम्ही मते मोजली नाहीत. निर्णय होण्यास तीन तास लागले, तेही तीन निरनिराळ्या दिवशी; पण सहलीस एकही मूल मागे राहिले नाही.