अपंगत्वाच्या दाव्यासाठी वकील निवडताना



या सदरात एरवी आपण बेणे, खत आणि पाणी याविषयी बोलतो. या खेपेस विषय वेगळा आहे. दोन हंगामांपूर्वी माझ्या गटातील एका सभासदाच्या ट्रॅक्टरला ट्रकने मागून धडक दिली आणि त्यांचा डावा हात कोपराखाली कापावा लागला. दवाखान्यात खाटेवर असतानाच एक मध्यस्थ आला आणि कोऱ्या वकीलपत्रावर त्यांची सही घेऊन गेला. पुढे ते मला म्हणाले, "साहेब, आधी काही द्या लागत नाही. पैसे भेटले की तिसरा हिस्सा त्याचा."

शेत आपण बटईने देतो. इथे तर हातच बटईने दिला गेला होता.

मिळणाऱ्या भरपाईत वाटा ठरवणे किंवा निकालावर फी अवलंबून ठेवणे हे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला करता येत नाही. म्हणून 'टक्केवारी' हा शब्द निघाला की उठावे. फी आकड्यात ठरवावी, पावती घ्यावी आणि कोऱ्या कागदावर सही करू नये.

आधी हे पाहा की वकील लागतोच का. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना (२०२३) यासाठी वकिलाची गरज नाही. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख आणि दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. सोबत सातबारा, पोलीस कागद आणि अपंगत्वाचा दाखला लागतो. या कामाचे पैसे मागणारा दलाल नुसता वाटेत उभा असतो.

रस्त्यावरच्या अपघाताचा दावा मात्र मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालतो, आणि तिथे वकील लागतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, तेव्हा "हंगाम होऊ द्या, मग पाहू" म्हणू नये. अपघात पुण्याकडे झाला तरी दावा आपल्या राहत्या जिल्ह्यात लावता येतो.

आता निवडीचे. बेणे आणताना आपण बेणेमळ्यात जातो, कांडी हातात घेऊन डोळे पाहतो. वकिलाचेही तसेच आहे. दिवाणी वाटण्या करणारे वकील चांगले असतील, पण अपघाताच्या दाव्यांचे काम निराळे. दोन प्रश्न विचारा : असे दावे तुम्ही किती चालवले, आणि साक्षीच्या दिवशी तुम्ही स्वतः उभे राहणार की दुसऱ्याला पाठवणार? खरी पारख मात्र ते तुम्हाला काय विचारतात यावरून होते. नुसता दाखल्यावरचा टक्का विचारला तर सावध व्हा.

कारण दाखल्यावरचा टक्का आणि कमाईचे नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हे उलगडून सांगितले. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. त्याआधी १९७५ मध्येही, कोपराच्या वर डावा हात गमावलेल्या सुताराचे अपंगत्व याच न्यायालयाने पूर्ण धरले होते.

शेतकऱ्याच्या बाबतीत विमा कंपनीचा वकील हमखास म्हणतो, "जमीन तर जागेवरच आहे, उत्पन्न कुठे गेले?" याला उत्तर असे की जमीन आहे, पण बांधणी, पाणी धरणे, धार काढणे यासाठी आता मजूर लावावा लागतो. ती मजुरी लिहून ठेवा.

पैशाची अडचण असेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तसाच. बुलढाण्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण आहे आणि तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती. फोन १५१००.

आमच्या सभासदांना मी तिथेच नेले. आधीचा वकील कागद देईना, "फी द्या, मग फाईल" म्हणे. पण फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. नव्या वकीलबाईंनी तो दाखवला आणि आठवड्याभरात फाईल हाती आली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या हाताने तुम्ही काय काय करत होता?" सभासद तासभर सांगत होते. बाई लिहून घेत होत्या.

दावा अजून चालू आहे. मागच्या सोमवारी त्यांचा मुलगा गट ऑफिसात आला होता, तीन हंगामांच्या ऊसबिलांचे उतारे न्यायला. कोणाला दाव्यासाठी असे उतारे हवे असतील तर सभासद क्रमांक घेऊन यावे, त्याच दिवशी शिक्का मारून देतो.

— ऊस विकास अधिकारी